विजेतेपदाच्या शर्यतीतले भाव कसे वाचावेत

नाशिकला कॉलेज रोडवर शनिवारी रात्री इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगचा सामना पाहायला जमलेल्या मंडळींत गुणतक्त्याइतकीच परदेशी बुकींच्या भावांची चर्चा असते. पैसे लावण्याचा विचार येथे अजिबात नाही. आपल्या राज्यात १८८७ पासून जुगारप्रतिबंधक कायदा आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. मात्र शर्यत समजून घेण्यासाठी हे भाव वाचता येणे खरोखर उपयोगाचे आहे.

भाव म्हणजे संघ जिंकल्यास लावलेल्या एका रुपयामागे मुद्दलासह परत मिळणारी रक्कम. तो दशांशात असेल, तर १०० ला त्याने भागावे, म्हणजे शक्यतेची टक्केवारी मिळते. समजा, तीन संघांचे भाव १.६०, २.५० आणि २० आहेत. त्यांची टक्केवारी अनुक्रमे ६२.५, ४० आणि ५ येते. ब्रिटिश पद्धतीत हेच भाव ३/५, ३/२ आणि १९/१ असे लिहितात. अपूर्णांकात एक मिळवला की दशांश भाव तयार होतो.

आता बेरीज करून पाहावी. ती १०७.५ भरते, आणि विजेता तर एकच होणार. वरचे साडेसात टक्के ही बुकीची कमाई असून ती प्रत्येक भावात मुरलेली असते. म्हणून प्रत्येक टक्केवारीला १०७.५ ने भागून १०० ने गुणावे: पहिला संघ सुमारे ५८, दुसरा ३७ आणि तिसरा पाचाच्या किंचित खाली येतो. दुबळ्या संघांच्या भावात ही कमाई बहुधा जास्त प्रमाणात घातलेली असते, त्यामुळे त्यांची खरी शक्यता याहूनही कमी धरणे योग्य ठरते.

लासलगावच्या लिलावातला कांद्याचा दर जसा मालाच्या प्रतीसोबत त्या दिवशीची मागणीही सांगतो, तसाच हा भावही संघाच्या ताकदीबरोबर लोकांनी त्यावर लावलेला पैसा सांगतो. लोकप्रिय क्लबचा भाव त्यामुळेच कधीकधी गरजेपेक्षा खाली उतरलेला दिसतो.

भावातला बदल वाचताना मात्र नजर फसते. २० चा भाव १० झाला की मोठी उलथापालथ वाटते, पण शक्यता पाचावरून दहा टक्क्यांवरच जाते, उलट २.५० चा २ झाला तर ती ४० वरून ५० होते आणि शर्यतीच्या दृष्टीने हाच बदल मोठा आहे.

गुणांची आघाडी पाहताना शिल्लक सामने आणि परस्परांतील लढतही मोजावी. एप्रिल २०२३ च्या सुरुवातीला आर्सेनल आठ गुणांनी पुढे होता, परंतु मँचेस्टर सिटीचा एक सामना शिल्लक होता आणि दोघांची गाठ सिटीच्याच मैदानावर पडायची होती. ती लढत सिटीने ४-१ ने जिंकली आणि अखेरीस ८९ विरुद्ध ८४ गुणांनी विजेतेपद मिळवले. गुण समान झाले तर गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांतला फरक, पाहतात. २०१२ मध्ये सिटी आणि मँचेस्टर युनायटेड या दोघांचेही ८९ गुण असताना विजेतेपद त्याच निकषावर ठरले.

अगदी लहान शक्यताही शून्य नसते, हे लेस्टरने दाखवले. २०१५-१६ च्या हंगामापूर्वी त्याचा भाव ५०००/१, म्हणजे जेमतेम ०.०२ टक्के होता, आणि तो संघ दहा गुणांच्या फरकाने विजेता ठरला. यावरून भाव खोटा होता असे म्हणता येत नाही. एका हंगामावरून भावाची पारख होत नाही, त्यासाठी अनेक हंगामांचे भाव आणि निकाल शेजारी मांडून पाहावे लागतात.