अळंबीचा बीजाणू-ठसा: रात्रभरात रंग कळतो

पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी खाण्याची अळंबी आणि हिरव्या बीजाणूंची विषारी क्लोरोफायलम, दोन्हींच्या छत्रीखालच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्याच दिसतात. अशा वेळी बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून गळणाऱ्या बारीक पुडीचा, ठसा घ्यावा.

१. पूर्ण उघडलेली, ताजी छत्री घ्या. मिटलेली कळी बीजाणू सोडत नाही.
२. देठ पात्यांच्या पातळीवर कापा. थोडा जरी पुढे राहिला तरी छत्री कलते आणि ठसा अर्धवट उठतो.
३. पात्या खाली करून छत्री काचेवर ठेवा. वरून पाण्याचा एक थेंब, त्यावर वाडगा पालथा. वाडगा हवाच, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने बीजाणू उडतात.
४. ६ ते १२ तासांनी छत्री सरळ वर उचला.

रंग दिवसाच्या उजेडात, काचेखाली पांढरा कागद धरून बघा. पिवळ्या बल्बखाली फिका गुलाबी आणि मलई रंग सारखेच वाटतात. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिका गुलाबी, क्लोरोफायलमचा मळकट हिरवा. फिका ठसा काळ्या कागदावर उठून दिसतो, म्हणून काच बरी: खाली हवा तो कागद सरकवता येतो. सूक्ष्मदर्शक असेल तर त्याच काचेवरची चिमूटभर पूड पाण्याच्या थेंबात ४०० पट मोठी करून बघता येते: क्लोरोफायलमचे बीजाणू जाड भिंतीचे, एका टोकाला छिद्र असलेले.

छत्री काढतानाच देठाभोवतीची माती खोलवर उकरा. वारुळाच्या बहुतेक अळंब्यांचा देठ मुळासारखा निमुळता होत खाली वारुळापर्यंत जातो. उपटला की तो तुटतो आणि मोठी खूण जमिनीतच राहते.

ठसा गुलाबी आला म्हणून अळंबी कढईत टाकू नका. एन्टोलोमा या अळंब्यांच्या दुसऱ्या गटातल्या विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो.