पीएचडी करताना ब्लॉगही चालू ठेवायचा असेल तर

नव्याने पीएचडीला लागलेल्यांपैकी जे आधीपासून ब्लॉग लिहीत असतात, त्यांना पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगतं की आता हे बंद करा. ज्यांनी आयुष्यात कधी चार ओळी लिहिलेल्या नसतात, त्यांना कुठल्या तरी कार्यशाळेत सांगितलं जातं की ब्लॉग सुरू करा, हात बसेल. मला दोन्ही सल्ले अर्धेच पटतात. मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली. विषय होता सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळी पठारांवरच्या, पावसाळी वनस्पती. प्रबंध इंग्रजीत, ब्लॉग मराठीत, असं दोन्ही लिखाण शेवटपर्यंत चाललं. इतर विषयांच्या मंडळींनी सड्याच्या जागी आपापली प्रयोगशाळा, दप्तरखाना किंवा गाव घालून वाचावं.

आधी वेळेचं. सकाळी दोन तास प्रबंध आणि रात्री अर्धा तास ब्लॉग हे वेळापत्रक कागदावर फार छान दिसतं. आमच्याकडे ते पहिल्या पावसात वाहून जातं. कास काय किंवा पवनचक्क्यांचं चाळकेवाडीचं पठार काय, तिथल्या बहुतेक वनस्पती जूनमध्ये डोकं वर काढतात आणि ऑक्टोबर सरता सरता वाळून जातात. एखादी जात जेमतेम काही आठवडे फुलोऱ्यावर असते. तो हुकला की पुढच्या पावसापर्यंत थांबायचं. दिवसभर सड्यावर भिजून आलं की संध्याकाळी नमुने दाबायला लावायचे, ओले टिपकागद काढून कोरडे घालायचे. पावसाळ्यात हे काम उद्यावर टाकलं की नमुन्याला बुरशी लागलीच म्हणून समजा. एवढं झाल्यावर रात्री ब्लॉग लिहायचा म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

म्हणून रोजच्या समतोलाचा नाद सोडा आणि वर्षाची विभागणी करा. माझी अशी होती: पावसाळ्यात फक्त टिपणं, नोव्हेंबर ते जानेवारीत ओळख पटवणं, हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) फेऱ्या आणि मधल्या मोकळ्या वेळात ब्लॉग, आणि उन्हाळ्यात प्रबंधाची प्रकरणं. वर दर सहामाहीला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे प्रगती मांडायची असते. त्याच्या आधीचे पंधरा दिवस ब्लॉगला कुलूप. समाजशास्त्रातल्या माझ्या मैत्रिणीची विभागणी अगदी वेगळी होती, कारण तिच्या मुलाखती लग्नसराईत आणि सुगीत बंद पडायच्या. ज्याने त्याने आपल्या कामाचा हंगाम ओळखावा.

टिपणांची एक पद्धत मात्र सगळ्यांना सुचवेन. फील्ड डायरीचं उजवं पान प्रबंधाचं आणि डावं पान बाकी सगळ्याचं. उजवीकडे तारीख, ठिकाण, उंची, अधिवास, नमुन्याचा क्रमांक. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर याच गोष्टी जातात आणि तेवढंच पुरेसं असतं. त्या दिवशी धुक्यामुळे पवनचक्कीची पाती दिसत नव्हती, नुसता घरघराट ऐकू येत होता, हे चिठ्ठीवर जात नाही. मेंढरं घेऊन आलेल्या आजींनी खर्चुडीचं, म्हणजे कंद असलेल्या एका रानवनस्पतीचं, पान ओळखून, लहानपणी हिचे कंद खणून खायचो, असं सांगितलं, तेही उजव्या पानावर बसत नाही. म्हणजे आजींनी सांगितलं ते लोकवनस्पतिशास्त्राच्या प्रकरणात बसलं असतं, पण माझ्या सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) तसं प्रकरणच नव्हतं. हे सगळं डावीकडे. माझा जवळजवळ अख्खा ब्लॉग डाव्या पानांवर उभा आहे. प्रबंधाला जे चालत नाही त्यावर ब्लॉग पोसायचा, हे एकदा ठरलं की दोघांत भांडण राहत नाही आणि एकच मजकूर दोनदा लिहिण्याचा कंटाळाही येत नाही.

आता हात बसण्याच्या सल्ल्याविषयी. प्रकरण लिहायला बसण्याआधी ब्लॉगवर थोडं लिहून घ्यावं, म्हणजे लेखणी सैल होते, असं पुष्कळजण सांगतात. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. ब्लॉगचा लेख रात्री टाकला की सकाळपर्यंत चार ओळखीच्यांचे निरोप येतात. प्रकरण गाइडकडे दिलं की तीन आठवड्यांनी लाल शाईने रंगून परत येतं. मन कुठे धावेल हे सांगायला नको. त्यामुळे क्रम उलटा हवा. आधी प्रबंधाचा एक परिच्छेद, वाईट का होईना. मग ब्लॉग.

तरीही ब्लॉगने प्रबंधाला काहीच दिलं नाही असं नाही. सीतेची आसवं ही सड्यावरची इवलीशी जांभळी फुलं बहुतेकांनी कासच्या फोटोंत पाहिलेली असतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या बारीक पिशव्यांचं झाकण उघडून पाण्यातला सूक्ष्म जीव आत खेचला जातो तो एका मिलिसेकंदाहून कमी वेळात. प्रबंधात मी तिच्याविषयी जे लिहिलं होतं ते व्यवस्थित होतं आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. ब्लॉगसाठी लिहिताना प्रश्न असा आला की मुळात सड्यावर अशा वनस्पती इतक्या का? दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही तिथेच, सीतेची आसवंही तिथेच. उत्तर साधं आहे: जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही बोटं, त्यातली पोषकद्रव्यं पावसाने धुऊन नेलेली, नत्र आणि स्फुरद कमी, मग जी वनस्पती ते कीटकांकडून मिळवू शकते तिचं तिथे फावतं. हे मी ऐटीत लिहिलं आणि साताऱ्याच्या माझ्या मामांना वाचायला पाठवलं. ते निवृत्त कृषी सहायक. त्यांचा फोन आला, "माती तपासलीस का गं तू, की पुस्तकातलंच सांगतेस?" तपासली नव्हती, कारण प्रबंधाच्या आराखड्यात ते नव्हतंच. पुढच्या हंगामात मातीचे नमुने घेतले आणि चर्चेच्या प्रकरणात एक नवा तक्ता आला. पेपर तपासणारा रिव्ह्यूअर जे विचारेल ते मामांनी आधी विचारलं. विषयाबाहेरचा पण खडूस वाचक मिळाला तर त्याला सोडू नका.

आता काय लिहू नये त्याविषयी, आणि इथे जरा सविस्तर सांगते, कारण नवे लोक इथेच गोंधळतात.

छापून न आलेला निष्कर्ष ब्लॉगवर टाकायचा नाही. बरीच नियतकालिकं प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन ठेवलेला मसुदा) चालवून घेतात, ब्लॉगबद्दलही प्रत्येकाचं धोरण वेगळं असतं. पण ज्या नियतकालिकाकडे पेपर पाठवणार त्याचे नियम वाचल्याशिवाय तक्ता किंवा आलेख बाहेर जाऊ देऊ नका. आमच्यासारख्या वर्गीकरणवाल्यांना तर दुहेरी धोका. समजा तुम्हाला नवी जात सापडली आणि उत्साहात नाव ठेवून ब्लॉगवर वर्णन टाकलंत. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार ते नाव प्रकाशित झालं असं धरलंच जात नाही. १ जानेवारी २०१२पासून केवळ इलेक्ट्रॉनिक प्रकाशन चालतं खरं, पण ते आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा अधिकृत क्रमांक) असलेल्या प्रकाशनात पीडीएफ रूपात असावं लागतं. म्हणजे तुमच्या नावाला वजन शून्य, आणि ठिकाण व फोटो मात्र सगळ्यांसमोर. दुसऱ्या कुणी तीच जात रीतसर प्रसिद्ध केली तर नाव त्यांचं राहणार. त्यात त्यांचा काही अपराधही नसतो.

ठिकाणाचंही तेच. खर्चुडीच्या कित्येक जाती मोजक्याच जागी उरल्या आहेत आणि लोक कंद उकरून नेतात. मी ब्लॉगवर फार तर जिल्हा लिहिते. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात, ते काढून मगच फोटो टाकते. वनखात्याच्या परवानगीपत्रात माहिती आणि फोटो वापरण्याच्या अटी असतील तर त्या ब्लॉगलाही लागू आहेत असंच समजा.

तिसरी गोष्ट सिमिलॅरिटी रिपोर्टची, म्हणजे प्रबंधाचा मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालाची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारलेला मजकूर सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते. योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे त्यात धरत नाहीत. तुम्ही ब्लॉग इंग्रजीत लिहीत असाल आणि त्यातले परिच्छेद उचलून प्रबंधात घातले असतील, तर सॉफ्टवेअर तुमच्याच ब्लॉगवर बोट ठेवणार. लेखक तुम्हीच आहात हे त्याला कळत नाही, ते ग्रंथालयात जाऊन समजावत बसावं लागतं. मराठी ब्लॉग आणि इंग्रजी प्रबंध असेल तर हा त्रास सहसा होत नाही, पण म्हणून एकाचं शब्दशः भाषांतर दुसऱ्यात करू नये. दोन्ही बेचव होतात. दोन्हीकडे लिहिताना समोर डायरी ठेवावी, आधीचा मजकूर नको.

आकृत्यांच्या बाबतीत एक बारीक खाच आहे. पेपर स्वीकारला गेल्यावर कॉपीराइट प्रकाशकाला देणारा फॉर्म भरला असेल, तर तुमचीच आकृती ब्लॉगवर टाकायला त्यांची परवानगी लागू शकते. मी चांगल्या फोटोंचे आधीच दोन गठ्ठे करून ठेवायचे, पेपरचे वेगळे आणि ब्लॉगचे वेगळे. सहकाऱ्याने काढलेला फोटो असेल तर विचारून आणि नाव देऊन. लॅबमधली निम्मी भांडणं फोटोंवरून होतात, उरलेली फ्रिजमधल्या जागेवरून.

गाइडना पहिल्यांदाच सांगून टाका. लपवून लिहिणारे बरेच पाहिले. विभागात ते लपून राहत नाही. मी सांगितलं, "मॅडम, मी मराठीत थोडं लिहिते, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "लिही की. पण छापून येण्याआधी एकही आकडा बाहेर गेलेला मला दिसता कामा नये." यापेक्षा सोपा नियम मला कुणी दिला नाही. ज्यांचे गाइड याकडे उडाणटप्पूपणा म्हणून बघतात त्यांनी टोपणनावाचा विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही. जयंत नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते तेव्हा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या बाबतीत हेतू एवढाच होता की प्रसिद्ध नावामुळे परीक्षकांचा कल झुकू नये. तुमचा हेतू वेगळा असेल, सोय तीच.

यातून मिळतं काय, हा प्रश्न घरचे विचारतातच. पैशाच्या हिशेबात फारसं नाही. विद्यापीठातल्या साहाय्यक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी यूजीसीच्या २०१८च्या नियमांत जो गुणतक्ता आहे त्यात शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, जास्तीत जास्त १०. ब्लॉगला रकानाच नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' नावाची स्पर्धा सुरू केली होती, पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपलं संशोधन सोप्या भाषेत लिहिण्यासाठी. तसलं काही निघालं तर ब्लॉगवाल्याचा हात आधीच सरावलेला असतो. पण नोकरीच्या आशेने ब्लॉग लिहायचा असेल तर तोच वेळ पेपरला द्या, हे मी स्पष्टच सांगते. मला मिळाले ते वाचक. आणि एका प्राथमिक शिक्षकांनी मेलवर पाठवलेली, त्यांच्या वाडीत चालणारी रानफुलांची नावं. ती त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांच्या नावाने प्रबंधात गेली.

प्री-सबमिशनच्या (प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाच्या) आधीचे महिने मात्र ब्लॉग पूर्ण बंद ठेवा. संदर्भयादी, तक्त्यांचे क्रमांक, नकाशांच्या पट्ट्या, यात डोकं इतकं शिणतं की चांगलं वाक्य सुचतच नाही. 'प्रबंध सादर होईपर्यंत सुट्टी' अशी एक ओळ टाकली की वाचक थांबतात. प्रबंध दिल्यावर परीक्षकांचे अहवाल येईपर्यंत जो काळ मिळतो, तो ब्लॉगसाठी सगळ्यात उत्तम. करण्यासारखं दुसरं काही नसतं आणि काळजीने झोपही येत नाही. माझे सगळ्यात लांब लेख त्या काळातले आहेत. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढला की लेखाखाली त्याचा दुवा देता येतो, म्हणजे ज्याला तक्ते हवेत तो तिकडे जातो.

प्रत्येक लेखावर तारीख ठेवा आणि नंतर काही बदललं तर तेही तारखेसह नोंदवा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी माझा एक जुना लेख वाचलेला होता आणि त्यातल्या ओळखीबद्दल त्यांनी विचारलंही. वनस्पतींची नावं संशोधनानुसार बदलत राहतात, एखादी जात दुसऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये) हलते, आणि लोक ब्लॉगवरचं नाव उचलून फोटोखाली टाकत राहतात. माझ्याही काही लेखांतली नावं आता जुनी झाली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती एकेक करून दुरुस्त करणार आहे.