स्वस्तात आपल्या आवडीचे इअरफोन कसे निवडावेत

‘चांगला बेस असलेले इअरफोन सुचवा’ असं कुणी म्हणालं की मी उलट विचारतो, आत्ता वापरताय त्यांची रबरं कुठल्या मापाची आहेत? रबरं म्हणजे कानात जाणाऱ्या पुढच्या टोप्या. बहुतेकांना माहीत नसतं. खोक्यातून लावून आलेली मधल्या मापाची, तीच वर्षानुवर्षं कानात. मग ‘यात मजा नाही’ म्हणून पुढचे इअरफोन, तेही नाहीत म्हणून त्याच्या पुढचे. मीही हे केलंय.

आवड ओळखा

आवड शब्दांत मांडत बसू नका. ‘वॉर्म’, ‘क्लिअर’ या शब्दांचा अर्थ माणसागणिक बदलतो. पुढची जागा कुठे येणार हे पाठ आहे अशी चार-पाच गाणी घ्या आणि फोनमधला इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या, उघडा. पट्टीवरचा हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा. १०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी हलवली की डग्ग्याचा घुमारा कमी-जास्त होतो. ३,००० च्या जवळची हलवली की गाणारा पुढे येतो किंवा मागे सरकतो. ८,००० च्या आसपासची चढवली की झांजा चमकतात आणि ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. दोन-तीन दिवसांनी पट्ट्या जिथे स्थिरावतील, ती तुमची आवड. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण त्याआधी खालचा रबरांचा भाग वाचा, नाहीतर आवड म्हणून रबराच्या फटीतली गळतीच मोजाल.

आलेख बघा, खोका नको

कुठला सूर किती मोठ्याने वाजतो, हे इअरफोनच्या मोजून काढलेल्या आलेखात दिसतं. आडवं २० ते २०,००० हर्ट्झ, उभं डेसिबल. डावीकडे चढ म्हणजे बेस जास्त. दोन्ही टोकं वर आणि मधे खड्डा असेल तर गळा मागे पडणार. ३,००० जवळ डोंगर दिसला तर घाबरू नका, तो हवाच. मोकळ्या कानाची नळी तिथला आवाज मुळातच वाढवते. इअरफोनने ती बंद केली की ती वाढ इअरफोनलाच भरून द्यावी लागते. ८,००० च्या पुढच्या शिखरांवरून मात्र भांडू नका. मोजणीच्या नकली कानातच त्या सुमारास एक शिखर उभं राहतं आणि इअरफोन किती खोल बसवला त्यावर ते सरकतं. आणि ताडून बघायचे ते एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर काढलेले आलेख.

खोक्यावरचं ‘१० ते ४०,००० हर्ट्झ’ विसरा. माणसाचं ऐकणं २०,००० च्या आसपास संपतं, वय वाढलं की त्याच्याही बरंच आधी. ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारे भाग, किती आहेत, हेही विसरा. स्वस्तात चार कोंबण्यापेक्षा एकच नीट जुळवलेला बरा. तार सुटी होणारी मिळाली तर घ्या, कारण आधी तारच मरते.

खरी गोम: रबरं

एका इअरफोनच्या बेसचं जो तो कौतुक करत होता. मी घेतला, तर डग्गा पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. दोन आठवडे शिव्या घातल्या आणि भाच्याला देऊन टाकला. त्याने घातला आणि म्हणाला, ‘मामा, बेस जरा जास्तच आहे की याला!’ मी त्याच्याकडून परत घेऊन माझ्या कानात घातला आणि सहज बोटाने आत दाबला. डग्गा आला. बोट काढलं, गेला.

इअरफोनचा इवलासा पडदा बेस देऊ शकतो तो नळीतली हवा कोंडलेली असते म्हणून. जराशी फट राहिली की दाब निसटतो आणि सगळ्यात आधी खालचे सूर जातात. उरलेला आवाज मग आपसूक पातळ आणि कर्कश वाटतो आणि माणूस म्हणतो, ट्रेबल (वरचे सूर) जास्त आहे. ट्रेबल आहे तेवढाच असतो.

तेव्हा खोक्यातली सगळी रबरं बाहेर काढा आणि मोठ्यापासून सुरुवात करा. ‘आरामात जातंय ते घ्या’ हा सल्ला लोक देतात तो साफ चुकीचा. आरामात जाणारं बहुधा लहान असतं. उजवा कान असेल तर डावा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. तोंड किंचित उघडं ठेवा, इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. आता ओठ मिटून ‘म्म्म’ करा. आपलाच आवाज डोक्यात घुमला पाहिजे, तोही दोन्हीकडे सारखा. एकीकडे कमी घुमला तर तिथे गळती आहे. मग ५० हर्ट्झचा सूर लावून बोटाने हलकेच दाबा. आवाज वाढला, तर रबर बदला. शेवटी जबडा हलवा. नळीचा आकार त्याने बदलतो, कच्ची बसवण असेल तर तिथेच सुटते.

दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरून चालू नका. माझ्या उजव्याला मोठं लागतं, डाव्याला मधलं. हे कळायला मला चार वर्षं लागली. तासाभराने दुखायला लागलं तर मात्र हट्ट सोडा आणि एक माप खाली या, किंवा फोमची घ्या. फोम चिमटीत दाबून बारीक करायचा, आत घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. तो वरचे सूर थोडे मवाळ करतो, म्हणून टोचऱ्या इअरफोनला तो औषध. आधीच मवाळ असलेल्याला लावलात तर आवाज गोधडीखाली जाईल. काही महिन्यांत तो बदलावा लागतो.

रबराचं आतलं भोक इअरफोनच्या तोंडावर घट्ट बसतंय ना, हे ओढून बघा. माझं एकदा कानातच राहिलं. डॉक्टरांनी चिमट्याने काढलं आणि वर हसले.

तुलना

दोन इअरफोनांत जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, म्हणून गाणाऱ्याचा गळा दोन्हींत सारखा मोठा ऐकू येईपर्यंत आवाज जुळवा. तोही रोज ऐकता तेवढाच. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलंय.

‘शंभर तास वाजवा, मग खुलतो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. खुलतो तो बहुतेक वेळा तुमचा सरावलेला कान, आणि तोवर परत करायची मुदत संपते. मुदत संपायच्या आत एकदा इक्वलायझर बंद करून तीच पाठ गाणी ऐका. बेस थोडा इकडेतिकडे असेल तर इक्वलायझर सांभाळून घेतो, ठेवा. फोम लावूनही ‘स’ टोचत असेल तर बिनदिक्कत परत करा.