वासराचे रक्त आणि शरीरद्रव यांचा अंदाज वजनावरून कसा बांधावा

ठाणे जिल्ह्यात शहापूर किंवा मुरबाडच्या गोठ्यात पावसाळ्यात वासराला हगवण लागली, की मोठ्या गाईचा अनुभव मनात धरून सलाईनचे प्रमाण ठरवू नये. जनावर वाढते तसे त्याच्या अंगातील पाणी आणि रक्त एकूण वाढतेच, परंतु दर किलो वजनामागे त्यांचा वाटा घटत जातो. नवजात वासराच्या वजनात पाणी सुमारे 70 ते 75 टक्के असते. मोठ्या गाईत ते साधारण 55 ते 65 टक्क्यांवर येते, आणि गाय जितकी चरबीदार तितके कमी, कारण चरबीत पाणी फार थोडे मावते.

म्हणून प्रथम वजन काढावे. लहान वासरू उचलून काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे. मोठ्या जनावरासाठी पुढच्या पायांमागील छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, हे किलोतील अंदाजे वजन.

रक्तासाठी नवजात वासरात दर किलोमागे सुमारे 80 मिलिलीटर, तर मोठ्या गाईत सुमारे 60 मिलिलीटर धरावे. यानुसार 30 किलोच्या वासरात सुमारे 2.4 लिटर आणि 350 किलोच्या गाईत सुमारे 21 लिटर रक्त असते. एक लिटर रक्त वाहून गेले, तर गाईचे पाच टक्क्यांहून कमी जाते. वासराचे मात्र चाळीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि तेवढ्याने ते दगावू शकते.

हगवणीत पाण्याची तूट काढताना वजनाला शुष्कतेच्या, म्हणजे अंगातील पाणी घटल्याच्या, टक्केवारीने गुणावे. डोळ्याचा गोळा आणि खालची पापणी यांत सुमारे 4 मिलिमीटर फट दिसली व मानेची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसली, तर तूट 8 टक्क्यांच्या आसपास समजावी. 30 किलोच्या वासरात ती 2.4 लिटर, म्हणजे त्याच्या साऱ्या रक्ताएवढी होते. ही केवळ झालेली तूट आहे. चालू हगवणीतून जाणारे पाणी आणि रोजची गरज त्यात वेगळी मिळवावी लागते.

वासरू उभे राहून चोखत असेल, तर क्षारयुक्त द्रावण दुधाच्या वेळा सोडून थोडे थोडे पाजावे. ते आडवे पडले असेल किंवा चोखत नसेल, तर पाजत बसू नये. शिरेतून सलाईन देण्यासाठी पशुवैद्यकांना त्वरित बोलवावे आणि त्यांना वजन व वय आधी सांगावे.