आबांना युद्धाबद्दल कसं विचारावं

पहिली गोष्ट, १६ डिसेंबरला विचारू नका. त्या दिवशी विजय दिवसाचा सत्कार असतो, शाल-नारळ असतो, आणि माईक हातात आला की आबा ठरलेलं पाच मिनिटांचं भाषण करून खाली बसतात. मला ते भाषण नको होतं. १९७१ साली ब्रह्मपुत्रेच्या काठावर उभा असलेला २१ वर्षांचा पोरगा मला हवा होता. तो परत आला म्हणून १९७५ मध्ये मी जन्मले.

आबा पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. हवालदार होऊन पेन्शनीत आले. आमच्या सातारा जिल्ह्यात हे काही नवल नाही, इथे अपशिंग्याच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. घरोघरी असे आबा आहेत आणि घरोघरी ते गप्प आहेत. म्हणून हे लिहितेय.

हाताला काम असेल तेव्हा विषय काढा. समोरासमोर खुर्च्या टाकल्या की मुलाखत होते, आणि मुलाखतीत फौजी माणूस 'जी साहब'च्या पुढे जात नाही. आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फोन सुपाशेजारी, त्यांना सांगूनच ठेवलेला. तो फ्लाइट मोडवर टाका. माझं पहिलं रेकॉर्डिंग मावशीच्या फोनने ऐन जागी तोडलं. दुसऱ्यात शेंगांचा कटकट आवाज सारखा येतो. आधी तो मला नको वाटला होता. आता ऐकताना कळतं, कटकट थांबते तिथे आबा खरंच तिकडे गेलेले असतात. तिथे आपण काही बोलायचं नाही. अर्ध्या तासाने उठून चहा ठेवायचा, बाकीचं पुढच्या खेपेला.

सुरुवात लढाईपासून करू नका. भरती कुठे झाली, बेळगावच्या सेंटरमध्ये पहिले बूट मिळाले ते कुठे चावले, भाकरी खाणाऱ्या पोटाला लंगरातली रोटी कशी पचली, हे विचारा. 'किती जणांना मारलं?' हा प्रश्न कुणालाच विचारू देऊ नका. माझ्या भाच्याने एकदा विचारला. आबा उठले, गोठ्यात गेले, आणि पुढचे दोन महिने पलटण हा शब्द घरात निघाला नाही.

थोडं वाचून जा, पण वाचलेलं त्यांना ऐकवू नका. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची हकिगत मी वाचली होती. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, आतल्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या अधिकाऱ्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. मग १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण दक्षिणेच्या रस्त्याने निसटायला बघत होती आणि वाटेत मराठे बसले होते. ११ तारखेला जमालपूर पडलं. मी मोठ्या उत्साहाने त्या गोळीचं विचारलं. आबा म्हणाले, "चिठ्ठी-बिठ्ठी सायबलोकांचं. आमास्नी त्या सांच्याला शक्करपारं गावलं. मोजं वलं, बूट वलं. बोटं पांढरीफटक."

"पण आबा, पुस्तकात तर..." माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं गिळलं. रस्ता कुणी अडवला ते पुस्तकात मिळतं, ओल्या मोज्यांचं फक्त त्यांच्याकडे आहे. लिहून काढतानाही 'वलं'चं 'ओले' करू नका.

आम्ही लहान असताना पावसाळ्यात रोज संध्याकाळी आबा आम्हा तिघांना पायरीवर बसवायचे आणि कंदील धरून पायाच्या बोटांमधल्या बेचक्या तपासायचे. कोरडं फडकं, मग खोबरेल. "पाय गेला की माणूस गेला." आम्ही त्याला फौजी सनक म्हणायचो. शेंगा फोडता फोडता ती सनक कुठून आली ते कळलं.

ट्रंक मात्र त्यांच्यासोबतच उघडा. डिस्चार्ज बुकाच्या पानापानाचा फोटो काढून ठेवा. पदकं घासू नका. मी शाळेत असताना संग्राम मेडल चिंच आणि राखेने चकचकीत केलं होतं, त्यात कडेला कोरलेला आबांचा नंबर पुसट झाला. बोलणी खाल्ली नाहीत, त्याचंच जास्त वाटतं. पदकांखाली आम्हाला रबर लावलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला. दर दिवाळीला वीस रुपये, कराडकडच्या एका बाईंच्या नावे. त्यांचा मुलगा आबांच्याच मोर्चात, म्हणजे खंदकात होता. तो परत आला नाही. आई म्हणाली, "मला ठाऊक होतं," आणि भांडी घासायला लागली. पावत्या १९९६ला थांबतात. का, ते मी विचारलं नाही.

राहिलं आभार मानण्याचं. बापाला 'आभारी आहे' म्हणून बघा, सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहिल्यासारखं वाटतं. मी म्हणून पाहिलं. आबांनी विचारलं, "पैसं पायजेत का?" तेव्हा तो नाद सोडा आणि त्यांचं एखादं काम उचला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सोबत जा, तिथल्या रांगेत दुसरा फौजी भेटला की चार गोष्टी आपोआप निघतात.

यंदा आषाढात गेले तेव्हा ते बांधावरून भिजून आले होते. पायरीवर बसवलं, फडकं घेतलं, एकेक बेचकी पुसली. ते अंगणाकडे बघत राहिले. खोबरेल लावून झाल्यावर म्हणाले, "मोजं उलटं करून वाळत घाल."