सोसायटीत बाक लावायचाय? आधी पाचची सावली बघा

बाक कसला घ्यायचा यावर मीटिंगमध्ये तासभर वाद घालतात आणि कुठे लावायचा ते शेवटी गवंडी उभ्या उभ्या ठरवतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हे उलटं करा, जागा आधी.

लोक कधी बसतात ते बघा. मेमध्ये भर दुपारी कोणी बसत नाही, आजी-आजोबा खाली उतरतात पाचच्या सुमारास, म्हणजे सावली पाचची हवी.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण जो तो सांगतो की कडुनिंबाच्या बुंध्याला लावा, गार राहील. बाराला ठीक आहे, मेच्या शेवटी तर नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली झाडाखालीच पडते. पण पाचला सूर्य इतका खाली गेलेला असतो की ऊन फांद्यांच्या खालून तिरपं घुसतं आणि बुंध्याशी बसलेल्याच्या तोंडावर येतं, खरी सावली तिकडे पूर्वेला पडलेली असते, शेंड्याची तर झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब जाते. म्हणून मेमध्ये एक दिवस खडू घेऊन साडेचार, पाच आणि साडेपाचला सावलीची कड जमिनीवर आखा, तिन्ही वेळा जो पट्टा सावलीत येतो तीच जागा. हे डिसेंबरात करू नका, तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो आणि सावली ईशान्येकडे सरकते.

इमारतीची पूर्वेकडची बाजू मोकळी असेल तर काम सोपं, दुपारनंतर तिथे ऊनच नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकून मात्र बाक अजिबात लावू नका, दुपारभर तापलेली भिंत दिवेलागणीनंतरही पाठीला धग देते.

काळा ग्रॅनाइट नको, तोही तसाच उष्णता धरून ठेवतो. स्टीलला उन्हात हात लावून बघा म्हणजे कळेल. लाकडी पट्ट्या घ्या, मध्ये बोटभर फट ठेवून, हवा खेळते, पावसाचं पाणी गळून जातं आणि लाकूड तापलं तरी धातूसारखा चटका बसत नाही. वर्षातून एकदा तेलपाणी लागतं, ते करायचं.

खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक ठोकू नका, झाडाभोवती माती उघडी राहू द्या, मुळांना पाणी मिळालं तरच झाड गारवा देणार.

उंची ४५ सेंटीमीटर, पाठ हवीच, आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, गुडघे दुखणाऱ्यांना उठताना तेच धरावे लागतात.