कपाळावरून मेंदूचा रक्तप्रवाह मोजायचा तर

ऑक्सिजन दाखवणाऱ्या नियर-इन्फ्रारेड यंत्रालाच पुष्कळदा रक्तप्रवाहाचं यंत्र समजलं जातं. त्यावरून हिमोग्लोबिन किती आणि त्यातलं ऑक्सिजनयुक्त किती, एवढं कळतं. रक्त किती वेगानं फिरतंय ते कळत नाही. प्रवाहासाठी डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे डीसीएस, लागते. लेझरचा प्रकाश डोक्यात विखुरून बाहेर येतो तेव्हा उजेड-अंधाराच्या ठिपक्यांची नक्षी तयार होते. आत तांबड्या पेशी हलतात तशी ती नक्षी लुकलुकते. प्रवाह वाढला की लुकलुकणं जलद होतं, आणि आपण मोजतो ते हेच.

लेझर ७८५ नॅनोमीटरचा, सतत चालणारा आणि लांब कोहिरन्स असलेला (म्हणजे ज्याच्या लाटा लांबवर एकमेकींशी जुळून राहतात असा) हवा. त्याची कोहिरन्स लांबी काही मीटर असावी. साधा लेझर डायोड इथे चालत नाही. प्रकाश आत सोडायला मल्टिमोड (जाड गाभ्याचं) फायबर आणि परत घ्यायला सिंगल-मोड (अगदी बारीक गाभ्याचं) फायबर वापरा. शिवाय एकेक फोटॉन मोजणारे चार डिटेक्टर आणि एक कोरिलेटर, म्हणजे मोजलेल्या फोटॉनांवरून लुकलुकण्याचा वेग काढणारं यंत्र, लागेल. ७८५ नॅनोमीटरला त्वचेसाठी सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० मिलिवॅट आहे. म्हणजे ३.५ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यातून २८ मिलिवॅटपेक्षा जास्त सोडायचं नाही. प्रोबच्या (फायबरची टोकं धरणाऱ्या, कपाळावर टेकवायच्या भागाच्या) टोकाशी पॉवर मीटर धरून हे दर वेळी तपासा. या तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून तो फिका वाटला तरी सुरक्षा चष्मा काढू नका. माणसांवर मोजमाप करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी घ्या.

आधी यंत्राची परीक्षा. शिरेतून देतात ते २० टक्क्यांचं इंट्रालिपिड (स्निग्ध पदार्थाचं दुधाळ द्रावण) ५० मिलिलिटर घेऊन ९५० मिलिलिटर पाण्यात मिसळा. १ टक्क्याचं द्रावण होतं. काळ्या भांड्यात ओतून प्रोब पृष्ठभागाला टेकवा. कोरिलेशनचा वक्र, म्हणजे थोड्या वेळानंतरची नक्षी आधीच्या नक्षीशी किती जुळते याचा आलेख, सुरुवातीला १.५ च्या जवळ असावा आणि खाली येत १ वर स्थिरावावा. वरचा तो ०.५ म्हणजे बीटा. तो ०.४ च्या खाली गेला तर लेझर मोड बदलत असेल किंवा बाहेरचा उजेड आत शिरत असेल. लेझर अर्धा तास तापू द्या. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा, कारण आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर तो सेकंदाला १०० वेळा चमकतो आणि वक्राच्या शेपटीत दर १० मिलिसेकंदांनी लाट उमटते.

आता कपाळ. कुंकू, गंध, टिकलीचा गोंद आणि केसांचं तेल स्पिरिटनं पुसून घ्या. मधली रेषा टाळा, तिच्याखाली मोठी शीर असते. भुवईच्या लगेच वर फ्रंटल सायनसची पोकळी आणि कानशिलाकडे स्नायू, तेही नको. मधल्या रेषेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाजूला, भुवईपासून थोडं वर प्रोब बसवा. एक डिटेक्टर स्रोतापासून ०.५ सेंटिमीटरवर ठेवा आणि उरलेले तीन २.५ सेंटिमीटरवर. पट्टी घट्ट आवळू नका, त्वचेतलं रक्त दबतं. फायबर खांद्याजवळ टेपनं बांधा. ते हललं की खोटा प्रवाह दिसतो.

लांबच्या डिटेक्टरवर सेकंदाला दहा हजार फोटॉन आले, तर १० मायक्रोसेकंदांच्या एका खिडकीत सरासरी ०.१ फोटॉन पडतो. एवढ्याशा सामग्रीतून वक्र बांधायचा, म्हणून एकेक सेकंदाची सरासरी घ्यावी लागते आणि तिन्ही डिटेक्टरांचे वक्र एकत्र करावे लागतात. मोजणी अचानक कित्येक पटींनी वाढली तर खूश होऊ नका. बहुधा प्रोबची कड उचलली गेली असते आणि प्रकाश त्वचेवरून थेट डिटेक्टरकडे सरकत असतो. हा प्रकाश लुकलुकत नाही, त्यामुळे प्रवाह खरा असतो त्याहून कमी दिसतो.

पण सगळ्यात मोठा शत्रू टाळू, म्हणजे कवटीवरची त्वचा, आहे. मोठ्या माणसात मेंदू त्वचेखाली एक-दीड सेंटिमीटरवर असतो आणि लांबच्या डिटेक्टरवरचाही बराच प्रकाश वरच्या थरांतूनच आलेला असतो. जे फोटॉन खोल जातात ते लांबच्या वाटेनं येतात आणि त्यांचा वक्र लवकर घसरतो. म्हणून मेंदूसाठी वक्राचा सुरुवातीचा भागच फिट करा, म्हणजे गणिती सूत्राशी जुळवा; शेपटी टाळूची असते. मग प्रोबवर बोटानं हळूहळू दाब वाढवा. जवळच्या डिटेक्टरचा प्रवाह चटकन खाली येतो. लांबचाही त्याच प्रमाणात उतरला, तर तुम्ही मेंदू मोजतच नाही आहात. ही परीक्षा प्रत्येक माणसावर, प्रत्येक वेळी करावी, असा आमचा आग्रह आहे. ती न करता काढलेल्या आलेखावर विश्वास ठेवता येत नाही.

प्रतिसाद पाहायला श्वास रोखायला सांगा. छाती भरून नव्हे, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर २० ते ३० सेकंद. खोल श्वास घेऊन रोखला की छातीतला दाब वाढतो आणि आलेख गोंधळतो. कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि प्रवाह चढतो. श्वास पुन्हा सुरू झाल्यावर तो सावकाश उतरतो. यंत्रावरच शंका असेल तर प्रोब हातावर बांधून दंडाचा कफ तीन मिनिटं २०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवा. प्रवाह तळाला जायला हवा, आणि कफ सोडताच मूळ पातळीच्या वर उसळायला हवा.

फिटमधून येणारा आकडा हा प्रवाहाचा निर्देशांक असतो, त्याचं एकक चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. त्याचे मिलिलिटर करू नका. सुरुवातीच्या दोन मिनिटांची विश्रांतीची पातळी १०० धरा आणि बदल टक्क्यांत लिहा. फिटमध्ये शोषण आणि विखुरण गृहीत धरलेलं असतं (साधारण ०.१ आणि १० प्रति सेंटिमीटर), ते चुकलं तर निर्देशांकही चुकतो. म्हणून दोन माणसांचे निर्देशांक शेजारी ठेवून कोणाचा प्रवाह जास्त हे ठरवू नका.